सरकारचा परलोक

माझं माहेर नीरेच्या उजव्या कालव्यावर, फलटण तालुक्यात. सासर डाव्या कालव्यावर, इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडं. नदी एकच. वीर धरणापाशी तिचं पाणी दोन हातांना वाटलं जातं आणि तिथून पुढं दर उन्हाळ्यात एकच प्रश्न मी दोन्ही घरांत ऐकत आले : ‘तिकडं किती सोडलं?’ माहेरी ‘तिकडं’ म्हणजे बारामती-इंदापूर. सासरी ‘तिकडं’ म्हणजे फलटण-माळशिरस.

शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. आता चातुर्मासात गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवते, जमेल तसा अर्थ सांगते. अर्थ सांगता सांगता एका जागी मी दर वर्षी अडते. पोथीतला धर्म माणसाला सांगितलेला आहे. शेजाऱ्याच्या बांधाला कोरू नये, दिलेला शब्द मोडू नये, पाण्याला आलेल्याला परत पाठवू नये. मोडलं तर पाप, आणि पापाचा झाडा द्यायला परलोक. पण सरकारचं काय? सरकारला आत्मा नाही, पुनर्जन्म नाही, चित्रगुप्ताच्या वहीत त्याच्या नावाचं पान नाही. मग शेजारच्या सरकारशी, त्यातही अगदी सोयऱ्यातल्या सरकारशी, त्यानं नीट वागावं ते कशाच्या धाकानं?

राजे होते तोवर ग्रंथांना या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. राजा प्रजेच्या धान्याचा सहावा हिस्सा घेतो, तसा तिच्या पापपुण्याचाही घेतो, असं मनुस्मृती सांगते. म्हणजे राज्याचं पाप एका माणसाच्या खात्यावर जमा होत होतं. आता राजा गेला. तो सहावा हिस्सा कुणाच्या नावावर चढवायचा? मंत्र्याच्या, सचिवाच्या, की मत देणाऱ्या माझ्या?

शत्रू राज्याशी कसं वागावं, यावर ग्रंथ भरपूर बोलतात. शेजारच्या मित्राशी कसं वागावं, यावर कमी. कौटिल्य तर शेजाऱ्याला मित्र मानायलाच तयार नाही. त्याच्या मंडलाच्या हिशेबात हद्दीला हद्द लागलेला राजा हा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. भाऊबंदकी बघितलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे पटेल. बांध ज्याच्याशी, भांडण त्याच्याशी. दोन गावं सोडून असलेल्याशी कशाला भांडेल कोणी? पण मग सख्य असलेल्या दोन शेजारी राज्यांनी ते टिकवायचं कसं, वाढवायचं कसं?

आमच्या पूर्वजांनी याला एक उपाय काढला होता : लेक द्यायची.

नीरेच्या उत्तरेला पुणे-सुपे-इंदापूर ही भोसल्यांची जहागीर, दक्षिणेला फलटणचे नाईक निंबाळकर. दोन्ही घरं तोलामोलाची आणि मधे नदी. मालोजीराजांना फलटणच्या दीपाबाई दिल्या. मालोजीराजे इंदापुरातच पडले. त्यांची गढी आजही गावात दाखवतात. पुढं १६४० मध्ये शिवाजीराजांना फलटणच्याच सईबाई दिल्या. सईबाईंचे भाऊ बजाजी विजापूरच्या दरबारात बाटवले गेले, आणि जिजाबाईंनी पुढाकार घेऊन त्यांना शिंगणापुरी शुद्ध करून घेतलं, असं परंपरा सांगते. पण शुद्ध करून घेतलेल्याशी पंक्तिव्यवहार कोण करणार? म्हणून शिवाजीराजांची लेक सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजींना दिली. धर्मनिर्णयावर शिक्का बसला तो सोयरिकीचा. वाचताना बायकांना ही गोष्ट फार आवडते. मलाही आवडते. पण तिचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तहाप्रमाणे शिवाजीराजांना मिर्झाराजा जयसिंगाबरोबर विजापूरवर चालून जावं लागलं. बजाजी तेव्हा विजापूरकडं होते. त्या डिसेंबरात मोगलांच्या मोहिमेत फलटण आणि ताथवडा घेतले गेले, आणि घेणाऱ्यांत राजे होते, नेताजी पालकर होते. फलटण म्हणजे राजांची सासुरवाडी आणि लेकीचं सासर. तीन पिढ्यांची सोयरीक एका बाजूला, सहा महिन्यांपूर्वी दिलेला शब्द दुसऱ्या बाजूला. सोयरीक हरली.

राजांना यासाठी बोल लावावा, असं मला वाटत नाही. शब्द दिला होता, तो पाळला. पुढं काय करायचं हे त्यांच्या मनात असेल ते असेल. पण मी लेकीच्या जागी बसून ही गोष्ट वाचते. नदीपलीकडं दिलेली लेक म्हणजे दोन राज्यांमधलं तारण असतं. ती तिकडं आहे तोवर हे इकडून वार करणार नाहीत, असा हिशेब. हिशेब चुकला की व्याज ती भरते.

या तारणाबद्दल कौटिल्यानं लिहून ठेवलेलं वाचलं तेव्हा मी चकित झाले. त्याच्या सातव्या अधिकरणाच्या शेवटाकडं तो विचारतो, कोणता तह टिकाऊ? त्याच्या आधीचे आचार्य म्हणत, शब्दावरचा किंवा शपथेवरचा तह डळमळीत. जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला तह पक्का. कौटिल्य म्हणतो, उलट आहे. शब्द आणि शपथ इहलोकीही बांधतात आणि परलोकीही. जामीन आणि ओलीस फक्त इहलोकी, आणि तेही जोर असेल तोवर. जुने राजे नुसत्या सत्यावर तह करत. शंका असेल तर अग्नी, पाणी, नांगराचं तास, बी-बियाणं, शस्त्र अशा वस्तूंना हात लावून शपथ घेत. ज्याला सगळे लबाड म्हणतात, त्यानं शब्दाला ओलिसापेक्षा वरचढ ठरवलं. त्याचा भोळेपणा मात्र तेवढ्यापुरताच. त्याच प्रकरणात लगेच पुढं ओलीस ठेवलेल्या राजपुत्राला कसं सोडवून पळवावं, याच्या युक्त्या दिल्या आहेत.

पण ‘परलोकीही’ या म्हणण्यानं माझा अडलेला अर्थ सुटला. सरकारला आत्मा नाही हे खरं. पण सरकारला परलोक आहे. सरकारचा परलोक म्हणजे पुढचं सरकार. एक मंत्री जातो, दुसरा येतो. एक संस्थान खालसा होतं, दुसऱ्याचा जिल्हा होतो. अधिकाऱ्याची बदली होते. त्या मरणानंतरही जो शब्द उभा राहतो तो परलोकी टिकला. खुर्चीवर माणूस आहे तोवरच जो टिकतो, तो ओलिसाच्या जातीचा. मग नाव त्याला मैत्रीचं द्या, नात्याचं द्या, पक्षाचं द्या.

या कसोटीला आमचे दोन कालवे लावून बघू.

डावा कालवा १८७६-७७च्या दुष्काळाचं लेकरू. १८८५च्या सुमाराला त्याला पाणी आलं. त्यासाठी भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधलं, ते इंग्रजांच्या मुलखात नाही, भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात. पाणी अडलं भोर संस्थानात, बुडाली भोरची जमीन, आणि भिजली बारामती-इंदापूरची. पुढं भाटघरलाच मोठं लॉईड धरण झालं, १९२८ साली पुरं, आणि उजवा कालवा निघाला. तो जातो फलटण संस्थानातून आणि मग सोलापूर जिल्ह्यात शिरतो. म्हणजे एका पाण्याशी मुंबई सरकार, भोर दरबार आणि फलटण दरबार अशा तिघांचा संबंध. १९३०च्या दशकात डाव्या कालव्यावर वालचंदनगर उभं राहिलं, उजव्यावर साखरवाडीचा कारखाना. तिन्ही सरकारं आपसांत दोस्त होती, हे म्हणणं थोडं गोड आहे. एक सार्वभौम, दोन मांडलिक. मांडलिकाला दोस्ती नाकारायची सोय कुठं असते? तरी पाणी चाललं. मग ८ मार्च १९४८ला दोन्ही संस्थानं विलीन झाली, इंग्रज त्याआधीच गेले होते. करार करणारे तिघंही मेले म्हणा. धरण मात्र राहिलं, कालवे राहिले, पाळ्या राहिल्या. तिघांच्याही परलोकात ती व्यवस्था उभी राहिली.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला पाण्याचं गणित शिकवलं. घरची सून शिकलेली, म्हणून सात नंबरचा अर्ज भरायचं काम माझ्याकडं आलं. शेजपाळीचा कागद कसा वाचायचा, आपल्या फाट्याला दार किती वाजता उघडणार, टेलपासून वर येत येत आपला नंबर कधी लागणार, पाटकऱ्याला चहा पाजायचा पण त्याच्याशी वाद चारचौघांतच घालायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. रात्री दोनची पाळी असली की बॅटरी घेऊन आमचे हे दारं धरायला जात. वरच्या वस्तीवरचा माणूस चारीवर बसलेला असे, आपली वेळ संपेपर्यंत एक मिनिटही न सोडणारा. तो ह्यांचा वर्गमित्र. दिवसा एकत्र तंबाखू मळणारे हे दोघं रात्री घड्याळ बघून पाणी हवाली करत. त्यात अपमान वाटावा असं दोघांनाही काही वाटत नसे. घड्याळ होतं म्हणून सकाळची तंबाखू टिकली, असं माझं मत आहे.

वरच्या पातळीवर मात्र घड्याळ वारंवार बदललं. १९५४ साली ठरलेल्या वाटपात डाव्या कालव्याला ४३ टक्के आणि उजव्याला ५७ टक्के होते. पुढं नीरा देवघर धरण झालं, पण त्याचे स्वतःचे कालवे अपुरे, म्हणून ते पाणी वीरला येऊ लागलं. २००९ मध्ये त्यातलं ६० टक्के डाव्याला, ४० टक्के उजव्याला असं ठरलं, ते २०१७ पर्यंत. मुदत सरली तरी पाणी तसंच चालू राहिलं. जून २०१९ मध्ये ते थांबवून जुन्या मापावर आणलं. मग सरकार बदललं आणि २०२०च्या फेब्रुवारीत डाव्याला ५५, उजव्याला ४५ असं नवं ठरलं.

२०१९च्या त्या जूनमध्ये धाकट्या भावाचा फोन आला. खूश होता. “आक्का, आता आमचं पाणी आम्हाला मिळालं,” म्हणाला. मी ‘बरं झालं’ म्हटलं आणि फोन ठेवून वळले तर हे ओसरीवर पेपर घडी करून बसलेले. पुढच्या फेब्रुवारीत फोन मी केला नाही, त्यानंही केला नाही. वहिनीनं केला, हळदीकुंकवाचं निमित्त काढून, आणि आम्ही दोघी पाण्याखेरीज सगळ्यावर बोललो. दोन्ही वेळा कोणी कोणावर अन्याय केला, याचा निवाडा मी करणार नाही. त्याचे आकडे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहेत. मला दिसलं ते एवढंच की दोन्ही निर्णय ज्या सरकारनं केले त्याच्या जिवावरच उभे होते. परलोकी टिकेल असा शब्द त्यांत नव्हता, म्हणून जिंकलेल्यालाही शांत झोप नव्हती.

उजनी धरणाच्या बाबतीत तेच. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलायचा आदेश निघाला. सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं पेटली. मे महिन्यात आदेश रद्द झाला. एक राज्य, एकच आघाडी सत्तेवर, दोन्ही जिल्ह्यांचे नेते एकमेकांच्या लग्नाकार्यांत वाढायला उभे राहणारे. आणि तरीही. किंबहुना त्यामुळंच. ‘घरातल्या घरात आहे, बसून मिटवू’ म्हणत कोणी आधी बसत नाही, आणि बसायची वेळ येते तेव्हा रस्त्यावर टायर जळत असतात.

परक्याशी व्यवहार करताना आपण साक्षीदार आणतो, मोजणी आणतो. आपल्या माणसाशी करताना म्हणतो, आपल्यात कशाला कागद? अविश्वास दाखवल्यासारखा होईल. जवळीक जितकी जास्त, तितकं ठरवलेलं कमी. सख्य असलेल्या दोन सरकारांचं खरं दुखणं हे आहे, आणि ते नवीन नाही. महाभारत उभं आहे ते त्याच्यावरच.

बारामतीत मोरोपंतांनी सगळं महाभारत आर्यांत उतरवलं. पन्हाळ्याचा हा पंडित बाबूजी नाइकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी राहिला आणि १७९४ मध्ये इथंच गेला. आम्ही बायका उद्योगपर्वाला आलो की कृष्णशिष्टाईला सगळ्यांचे कान टवकारतात. पाच गावं, सुईच्या अग्राएवढी माती, ते सगळं पाठ असतं. मी मात्र त्यांना एक पर्व मागं नेते, विराटपर्वात. हस्तिनापूर आणि इंद्रप्रस्थ ही दोन शेजारी राज्यं, एका रक्ताची. दोघांत करार झालेला : बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, मग राज्य परत. अर्जुन प्रकट झाला तेव्हा दुर्योधन म्हणाला, तेरावं वर्ष अजून संपलेलं नाही. भीष्मांनी हिशेब मांडला : पाच वर्षांत दोन अधिक मास येतात, त्या मानानं तेरा वर्षं होऊन वर पाच महिने बारा दिवस झाले. दुर्योधनानं मानलं नाही.

करार होता, शब्द होता, साक्षीला सगळी सभा होती. ठरवायचं राहिलं होतं ते इतकंच की दिवस कोणत्या पंचांगानं मोजायचे आणि मोजणार कोण. मोजले भीष्मांनी, आणि ते जेवत होते हस्तिनापुरात. त्यांचा हिशेब बरोबर असूनही तो कुणाला बांधला नाही. अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं त्याच्या मुळाशी लोभ होताच, पण लोभाला बसायला जागा दिली ती न ठरलेल्या मापानं. कालव्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विसर्ग किती क्युसेक, हे वाटणीदारापैकी एकानंच सांगायचं म्हटलं की दुसऱ्याला तो नेहमी कमीच वाटणार.

पोथीच्या बायकांपैकी एकीनं मला एकदा बरोबर अडवलं होतं. म्हणाली, “बाई, माप-कागद हे सगळं कोर्टाचं झालं. यात देव कुठं आला? प्रेम असलं की माप कशाला लागतंय?” तिला मी वारी दाखवली. तिलाच कशाला, आपल्या सगळ्यांनाच ती दोन्ही तीरांवरून दिसते. माहेराहून माउलींची पालखी जाते : लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. सासरहून तुकोबांची : बारामती, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. तिथं प्रेमाला काय तोटा? सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो. पण रथाच्या पुढं किती दिंड्या, मागं किती, कोणत्या नंबरची कुठं चालणार, हे सगळं बांधलेलं. एका दिंडीनं दुसरीची जागा घेतलेली चालत नाही. माउलींच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते, ती मी लहानपणापासून बघत आले. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडं चालत जातात. एकदा बरडला मी अगदी जवळ उभी होते. पाण्याचा टँकर वेळेवर मिळाला नव्हता, विणेकरी तापलेले होते. चोपदारांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, उद्याचं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांचे टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी झाली, आणि मग आरती.

जिथं सगळे एकमेकांना माउली म्हणतात तिथंसुद्धा तक्रारीला रोजची वेळ आहे, ती ऐकणारा माणूस ठरलेला आहे, आणि ती ऐकल्याखेरीज देवाची आरती होत नाही. तक्रार करणारी दिंडी प्रेमात कमी पडली असं कोणी म्हणत नाही. हे मी त्या बाईला सांगितलं. वारकऱ्याच्या तोंडी ‘प्रेम’ हा शब्द येतो त्याच्या दहापट ‘नेम’ येतो. मन लागो न लागो, ज्येष्ठात निघायचं. तुकोबांच्या मुलानं, नारायण महाराजांनी, १६८५ मध्ये देहूहून पालखी काढली. त्यानंतर किती राज्यं आली-गेली, मोगल, पेशवे, इंग्रज, आपण. वाट हद्दी ओलांडत राहिली. माउलींचे मानाचे घोडे आजही अंकलीहून चालत येतात, शितोळे सरकारांच्या गावाहून. १९५६ पासून ते गाव दुसऱ्या राज्यात आहे. बेळगावच्या प्रश्नावर दोन्ही सरकारं कोर्टात समोरासमोर. त्या भांडणापायी घोड्यांचा नेम चुकलेला नाही. भाव माणसाबरोबर जातो. नेम पुढच्या पिढीकडं हवाली करता येतो. म्हणून सरकारांमध्ये भावापेक्षा नेमाला मी धर्म म्हणते.

याचा पुरावा मोठ्या जगातही मिळतो. भारत आणि भूतान यांच्याइतकी जवळची शेजारी सरकारं आपल्या भागात दुसरी नाहीत. एक केवढं, दुसरं केवढं! १९४९च्या तहात भूताननं परराष्ट्रव्यवहारात भारताच्या सल्ल्यानं चालावं असं कलम होतं. २००७ मध्ये तह नव्यानं लिहिला आणि ते कलम काढून टाकलं. दोस्ती होतीच, कोणी भांडलं नव्हतं. तरी बसून लिहिलं, आणि धाकट्याचा मान वाढेल असं लिहिलं. मधल्या काळात चुखाचं ३३६ मेगावॉटचं वीजकेंद्र झालं. पैसा भारताचा, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, असं टक्क्यांत ठरवून. तिथं राजेशाहीत लोकशाही आली, इथं किती पंतप्रधान बदलले. दोन्हीकडच्या परलोकात ते चाललं. उलट बाजूनं सिंधू करार बघा. १९६०चा, दोन वैऱ्यांमधला. १९६५, १९७१, १९९९ अशा लढाया होऊनही दोन्हीकडचे आयुक्त मापं देत-घेत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतानं तो स्थगित ठेवला. कारणं सगळ्यांना माहीत आहेत, त्यांत मी शिरत नाही. पण वैऱ्यांमधला लिहिलेला नेम पासष्ट वर्षं चालतो आणि सोयऱ्यांमधलं न लिहिलेलं प्रेम एका निवडणुकीत आटतं, हे बघून तरी सोयऱ्यांनी शहाणं व्हावं.

ह्यांना मी हे सगळं ऐकवलं तेव्हा हे म्हणाले, “कागदानं पाणी येत नाही. वर आपला माणूस असला की येतं.” पन्नास वर्षं कालव्यावर काढलेल्या माणसाचं हे म्हणणं उडवून लावता येत नाही. आपला माणूस वर होता तेव्हा पाणी आलंही. कागद असून पाणी न आल्याचे दिवसही आम्ही काढलेत. पण ‘आपला माणूस’ हा ओलिसाचाच दुसरा प्रकार. तो आहे तोवर आहे. शिवाय फलटणलाही कोणाचा तरी ‘आपला माणूस’ असतो, आणि दोघांतला कोण वर बसतो यावर माझ्या भावाचा ऊस आणि माझ्या घरचा पानमळा टांगलेला असावा, ही काही धर्माची स्थिती नव्हे.

मग मी काय मागते? आमच्या तालुक्याच्या अगदी टोकाला नीरा-नरसिंहपूर आहे. नीरा तिथं भीमेला मिळते. देवळाच्या घाटावर उभं राहिलं की मागं पुणे जिल्हा, समोर दोन्ही हातांना सोलापूर जिल्हा. देव नरसिंह, मूर्ती वाळूची, प्रल्हादानं केलेली, असं सांगतात. हिरण्यकशिपूनं वर मागताना वकिलासारखी सगळी कलमं घातली होती : घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. देव आला तो उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला. घरात घरधन्याचा अंमल चालतो, बाहेर बाहेरच्याचा. हद्दीवर कोणाचाच चालत नाही, आणि म्हणून अन्याय तिथंच माजतो. देवानं ती जागा स्वतःकडं घेतली, असा मी या अवताराचा अर्थ लावते.

दर साल १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर पाण्याचं वर्ष ठरतं आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. माझं म्हणणं, त्या बैठकांच्या आधी एक दिवस पुणे, सातारा आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या कारभाऱ्यांनी नरसिंहपूरच्या घाटावर यावं. सत्तेत कोण आहे, कोण कोणावर रुसलं आहे, याचा विचार न करता यावं. धरणांतली मापं तिऱ्हाइतानं मोजून, फळ्यावर लिहून, सगळ्यांसमोर वाचावीत. वाटपाचं प्रमाण मुदतीत बदलायचं असेल तर तिथंच, दोन्ही तीरांच्या तोंडावर बदलावं. मुंबईत बसून एका तीराच्या पाठीमागं बदलू नये. ज्याचे टाळ वाजत असतील त्याच्याकडं आधी जावं. आणि उठण्यापूर्वी कौटिल्यानं सांगितलेल्या यादीतल्या दोन वस्तूंना हात लावून शब्द द्यावा, पाण्याला आणि नांगराच्या तासाला. दोन्ही तिथं हाताशी आहेत.

हे एका वर्षी करून भागणार नाही. पहिल्या वर्षी फोटो निघतील, दुसऱ्या वर्षी निम्मे लोक येतील, तिसऱ्या वर्षी सरकार बदललेलं असेल. खरी परीक्षा त्या तिसऱ्या वर्षी. नव्या पालकमंत्र्याला जुन्याची ही बैठक मोडायची हिंमत होऊ नये, इतकी ती लोकांच्या अंगवळणी पडली, तर मी म्हणेन की या सरकारांना परलोक मिळाला. ती मोडली, तर मोडणाऱ्याचं पाप कुणाच्या खात्यावर जमा करायचं हे आता मला कळलंय. राजा गेला तेव्हा त्याचा तो सहावा हिस्सा आपल्या सगळ्यांना वाटून आला आहे. माझ्या भावाला तो फलटणला भरावा लागेल, मला इंदापूरला.